पोरांना वाचायला शिकवणाऱ्या मावशींचा सत्कार: गावाने तो कसा करावा

पहिल्या वेळी आम्ही जवळजवळ सगळंच चुकवलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. गल्लीतल्या एक मावशी रोज संध्याकाळी घराच्या ओट्यावर लहान पोरांना वाचायला शिकवतात. पैसे घेत नाहीत. कोणी सांगितलं म्हणून सुरू केलं, असंही नाही. नऊ वर्षं झाल्यावर गावातल्या तरुणांच्या मनात आलं की यांचा सत्कार झाला पाहिजे. विचार चांगला होता. कार्यक्रमाची वेळ पाचची दिली आणि प्रमुख पाहुणे पावणेआठला आले. तोवर मावशी स्टेजवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, समोर सतरंजीवर तीसेक पोरं, त्यातली निम्मी एकमेकांच्या अंगावर झोपलेली. बॅनरवर मावशींच्या आडनावातला दीर्घ ऱ्हस्व झालेला. आठ भाषणं झाली. मावशींच्या हातात माईक आला तेव्हा लाईट गेली. पाहुणे निघताना कुणीतरी म्हणालं, 'चहा घेऊन जा,' आणि ज्यांचा सत्कार त्याच घरी जाऊन स्टोव्हवर चहा टाकू लागल्या.

त्या दिवशी वर्ग झाला नाही. नऊ वर्षांत ताप आला म्हणून बुडाला असेल, लग्नासाठी बुडाला असेल. आमच्या कौतुकापायी बुडण्याची ती पहिलीच वेळ.

तीन वर्षांनी आम्ही तो पुन्हा केला आणि बराच नीट केला. दोन्ही वेळच्या अनुभवातून हे लिहितोय. तुमच्या गावात मावशी नसतील, एखादी कॉलेजातली ताई असेल, निवृत्त गुरुजी असतील किंवा किराणा दुकान चालवणारे आप्पा असतील. मी सोयीसाठी सगळीकडे मावशीच म्हणणार आहे.

आधी वर्गात जाऊन बसा

सत्काराचा विषय निघाला की पहिला माणूस बॅनरवाल्याला फोन लावतो. तो फोन खाली ठेवायला लावा. समितीतल्या प्रत्येकाने निदान दोन संध्याकाळी मावशींच्या वर्गात जाऊन मागे बसायचं, मोबाईल खिशात ठेवून. मावशींना आदल्या दिवशी सांगून जा, नाहीतर त्यांना वाटेल तपासणी आली.

मी बसलो तेव्हा मला कळलं की त्या काय करतात हे मला माहीतच नव्हतं. माझी समजूत होती की त्या बाराखडी घोकून घेतात. बाराखडी होती, पण ती शेवटी. आधी प्रत्येक पोराचं नाव खडूने ओट्यावर लिहिलेलं. पोरगं आपल्या नावापाशी जाऊन बसणार आणि शेजारच्याच्या नावात आपलं एखादं अक्षर सापडतं का ते शोधणार. मग चित्रांचं पुस्तक. पहिलीतल्या एका पोराने चित्राखालच्या शब्दावर बोट ठेवलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं, 'माय'. छापलेलं होतं 'आई'. मागे बसलेला मी लगेच चूक दुरुस्त करायला तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, 'बरोबर, मायच आहे ती. आता बोट ठेव बरं. हे पहिलं अक्षर कोणतं? मायमधला मा आहे का हा?' पोरगं थबकलं. अक्षराकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, परत अक्षराकडे. 'आ,' म्हणाला. मग स्वतःशीच हसत, 'आई!'

आमच्या पोरांची घरची बोली अहिराणी, पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी. सातपुड्याकडे गेलात तर घरात भिली किंवा पावरी असते, म्हणजे अंतर आणखी जास्त. पोरगं अर्थ ओळखतंय पण अक्षर वाचत नाही, की अक्षर वाचतंय पण अर्थ लागत नाही, हे ओळखून त्याला हात देणं ही खरी कारागिरी. ती तुम्ही डोळ्यांनी बघितली नाही तर मानपत्रात तुम्ही 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य' असलं काहीतरी लिहिणार, आणि ते कोणाच्याही मानपत्रात चालेल.

बसाल तेव्हा एक वही ठेवा. मावशी नेमक्या काय म्हणतात, पोरं काय म्हणतात, एखादं अडलेलं पोर कसं सुटलं, हे घरी आल्यावर लगेच लिहा. आकडेही मागा, पण मावशींच्या हजेरीच्या वहीतले. 'हजारो विद्यार्थी घडवले' असं लिहू नका. आमच्याएवढ्या गावात हजारो पोरं येणार कुठून? वहीत जितकी नावं तितकी लिहा. वाचनाची पातळी सांगायची असेल तर 'असर'च्या पाहणीत वापरतात त्या पायऱ्या सोप्या आहेत: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ही पाहणी 'प्रथम' संस्था २००५ पासून करते आणि तिची पद्धत कोणालाही दोन-पाच मिनिटांत एका मुलाबरोबर वापरता येते. वर्षाच्या सुरुवातीला किती पोरं अक्षरावर होती आणि आज किती परिच्छेद वाचतात, एवढं एक वाक्य पुरतं.

मग विचारा, आणि उत्तर ऐका

मावशींना विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. आमच्या मावशींचं पहिलं उत्तर होतं, 'कशाले भाऊ शाल? पोरेसले पुस्तकं लई द्या.' आम्ही ते संकोच म्हणून धरलं आणि शाल आणलीच. ते संकोचाचं बोलणं नव्हतं, सरळसरळ मागणी होती. आम्हाला ती ऐकू आली नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही शांतपणे बसून पाच-सहा गोष्टी विचारल्या. कार्यक्रम हवा का? हवा तर केवढा? नाव कसं लिहायचं, सौ. की श्रीमती, की नुसतं नाव? माहेरचं आडनाव लावायचं का? स्टेजवर बसायला आवडेल का? कोणी यावंसं वाटतं? कोणी येऊ नये असं वाटतं? हा शेवटचा प्रश्न विचाराच. गावात कोणाचं कोणाशी काय आहे ते आपल्याला वाटतं तेवढं माहीत नसतं. मावशींनी एका माणसाचं नाव घेतलं, आम्ही कारण विचारलं नाही, त्यांना पत्रिका गेली नाही.

मावशी 'नकोच' म्हणाल्या तर? तर कार्यक्रम नको. सत्कार पत्रानेही होतो, पुस्तकांनीही होतो, ओट्यावर पत्र्याचं छत टाकूनही होतो.

चार माणसं आणि एक वही

समिती चौघा-पाचजणांची पुरे. त्यात एक शाळेतला शिक्षक, एक अंगणवाडी सेविका किंवा आशाताई, एक जुना विद्यार्थी आणि एक पालक, शक्यतो आई. पैसे एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे. जमा आणि खर्च त्याच रात्री गावाच्या ग्रुपवर टाकायचा. आम्ही एक साधा नियम केला: शंभरातले सत्तर रुपये अशा गोष्टीवर जावेत जी कार्यक्रमानंतरही वर्गात राहील. पहिल्या वेळी मंडप, स्पीकर, बॅनर आणि हारांत सगळं गेलं होतं आणि पुस्तकांना दोनशे रुपये उरले होते.

तारीख: इथेच निम्मं काम होतं

कॅलेंडरवर सोयीच्या तारखा खूप आहेत. ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, ८ सप्टेंबर साक्षरता दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. खानदेशी माणसाला आणखी दोन तारखा जवळच्या वाटतील. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवायचे आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. आणि २४ ऑगस्ट, बहिणाबाईंचा जन्मदिवस. १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला त्या जन्मल्या.

पण तारीख निवडताना आधी शेताकडे बघा. कापूस वेचणीला आला की ऑक्टोबर ते डिसेंबर आयाबाया दिवस मावळेपर्यंत शेतात असतात. १५ ऑक्टोबरला दुपारी चारला कार्यक्रम ठेवला तर समोर फक्त म्हातारी माणसं आणि पुढारी बसतील. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातली कामं वेगळ्या वेळापत्रकावर चालतात, तिथल्या मजुरांना विचारून ठरवा. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर कामांना गुजरातेत आणि खाली सपाटीवर जातात, पोरांना घेऊन. ती होळीला परत येतात. तिथे होळीसारखा मोठा सण नाही. तेव्हा त्या भागात डिसेंबरात सत्कार ठेवणं म्हणजे ज्यांची पोरं शिकली त्यांच्या पाठीमागे तो उरकणं. होळीच्या आसपासचा, पण होळीच्या गडबडीतला नाही, असा दिवस शोधा.

आमच्याकडे दुसऱ्या वेळी आम्ही आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, धरली. कारण सोपं. आखाजीला लेकी माहेरी येतात. मावशींकडे ज्या पोरी पहिल्यांदा वाचायला शिकल्या त्यातल्या मोठ्या आता सासरी आहेत. त्या झोके खेळायला आल्या की गावातच सापडतात, कडेवर पोर घेऊन. खुद्द आखाजीचा दिवस घ्यायचा नाही. त्या दिवशी घरोघरी पितरांची घागर भरलेली असते, पुरणपोळीचा रगाडा असतो आणि बाप्ये मंडळींचे पत्त्यांचे डाव बसलेले असतात, तिथून कोणी उठत नाही. आम्ही दुसरा दिवस घेतला. ऊन मात्र भयंकर. एप्रिल-मेमधल्या जळगाव-भुसावळच्या उन्हाबद्दल खानदेशात कोणाला सांगायला नको. सहाच्या आत सतरंजीसुद्धा टाकू नका. ओट्याला आणि अंगणाला पाचलाच पाणी मारून ठेवा, माठ भरून ठेवा.

कानबाईचे रोट, म्हणजे खानदेशातला कानबाई देवीचा श्रावणातला सण, हाही चांगला काळ. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सुरत, नाशिक, पुण्याकडे पोटापाण्याला गेलेली भावकी गावात येते. फक्त रोटाच्या दिवशी कोणाला वेळ नसतो, आणि पावसाचा भरवसा नसतो.

आणखी एक. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली किंवा लागणार असेल तर कार्यक्रम पुढे ढकला. अशा दिवसांत मावशींच्या शेजारी उभं राहायला गर्दी होते आणि फोटो भलत्याच ठिकाणी फिरतो.

जागा

जिथे वर्ग भरतो तिथेच. ओटा, मारुतीचा पार, समाजमंदिर, जे असेल ते. स्टेज नको. मावशी पोरांच्या पातळीवर बसून शिकवतात. त्यांना चार फूट वर चढवलं की त्या परक्या वाटायला लागतात, स्वतःलाही.

बोलावणं आणि रुसवे

इथे सांभाळून. मावशींचं कौतुक करता करता शाळेची निंदा होऊ देऊ नका. 'शाळेत जे झालं नाही ते मावशींनी करून दाखवलं' हे वाक्य आमच्या पहिल्या कार्यक्रमात एकाने माईकवर म्हटलं, आणि समोर बसलेल्या दोन गुरुजींचे चेहरे मला अजून आठवतात. दुसऱ्या दिवसापासून शाळेतून मावशींना जुनी पुस्तकं मिळायची ती बंद झाली. त्यांच्यातल्या एका गुरुजींनी पुढे मोठ्या मनाने ते विसरून टाकलं, पण सहा महिने गेले.

म्हणून पहिलं बोलावणं जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडी सेविकेला, घरी जाऊन, तोंडी. तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत'चं उद्दिष्ट आहे आणि त्याचा भार शाळेतल्या शिक्षकांवरच आहे. मावशी त्याच गाडीला एक खांदा देताहेत असं मांडलं की सगळे एका बाजूला येतात. शाळा व्यवस्थापन समितीलाही सांगा. शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, म्हणजे तुमचीच माणसं.

सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन यांना पत्रिका द्याच, पण पत्रिकेवर नावांची उतरंड छापू नका. आम्ही छापलं: 'आपण सगळे'. दोन जण रुसले. एकाच्या पायाशी पोरगं जाऊन बसलं आणि त्यांना गोष्ट वाचून दाखवू लागलं तेव्हा ते विरघळले. दुसरे अजून विरघळलेले नाहीत.

मावशींच्या घरच्यांना विसरू नका. रोज संध्याकाळी दीड तास ओटा पोरांचा होतो तेव्हा भाकरी कोण टाकतं? आमच्या मावशींच्या जाऊबाई. बारा वर्षं. त्यांना पहिल्या रांगेत बसवा आणि नावानिशी उल्लेख करा.

मानपत्र: हे मनापासून लिहा

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात, चुलीपाशी ओव्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि घरातले एक नातलग यांनी त्या कागदावर उतरवून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, आणि आचार्य अत्र्यांनी त्या ओव्या बघितल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. उतरवून ठेवणारं कोणी नसतं तर आज काय असतं? मानपत्राकडे मी याच नजरेने बघतो. फ्रेम करायची शोभेची वस्तू म्हणून लिहू नका, तुमच्या मावशी काय आणि कशा करत होत्या याची गावापाशी राहील अशी नोंद म्हणून लिहा.

बाजारात तयार मानपत्रं मिळतात, नाव घातलं की झालं. घेऊ नका. त्यातलं 'निःस्वार्थ', 'अविरत', 'दीपस्तंभ' हे सगळं काढून टाकल्यावर काय उरतं ते बघा. आम्ही वर्गात बसून केलेल्या टिपणांतून असं लिहिलं:

'मावशी, तुमच्या ओट्यावर संध्याकाळी साडेपाचला पहिलं पोर येतं आणि स्वतःचं नाव शोधतं. ते सापडलं की तुम्ही त्याला खडू देता. ज्याला अक्षर येत नाही त्याला तुम्ही ओरडत नाही, शेजारच्याचं अक्षर उसनं घ्यायला सांगता. माय म्हटलं तरी तुम्ही बरोबर म्हणता, आणि मग आई वाचायला लावता. पावसाळ्यात ओटा गळतो तेव्हा तुम्ही वर्ग स्वयंपाकघरात घेता आणि जाऊबाई चूल बाजूच्या खोलीत हलवतात. तुमच्या वहीत आजवर आलेल्या प्रत्येक पोराचं नाव आहे, त्यापुढे त्याने पहिल्यांदा एकट्याने वाचलेल्या गोष्टीचं नाव आहे. आम्ही ती वही बघितली. आमच्यापैकी काहींना त्यात स्वतःचं नाव सापडलं.'

एवढंच. खाली गावकऱ्यांच्या सह्या, आणि ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे. एका आजीने अंगठा द्यायला नकार दिला, म्हणाली, नातवाने शिकवलंय, आणि थरथरत तीन अक्षरं काढली. त्याला दहा मिनिटं लागली, आम्ही थांबलो.

छपाईचं सांगतो. टाईप करून देताना युनिकोडमध्येच द्या आणि छापखान्यात गेल्यावर फॉन्ट बदलला की रफार, जोडाक्षरं आणि वेलांट्या कशा फुटतात ते डोळ्यांनी तपासा. 'वाचनप्रेमी'चं 'वाचनप्रमी' झालेलं मी बघितलंय. अंतिम प्रत मोबाईलवर 'ओके' करू नका, कागदावर काढून मोठ्याने वाचा. दोघांनी वाचा, त्यातला एक असा असावा ज्याने मजकूर लिहिलेला नाही. वाचायला शिकवणाऱ्या बाईला चुकीचं छापलेलं मानपत्र देणं फार वाईट दिसतं, आणि त्यांना ती चूक पहिल्या क्षणी दिसणार.

साने गुरुजींच्या दैनिकावरून आम्हाला आणखी एक सुचलं: पोरांचं हस्तलिखित. प्रत्येक पोराला एक कोरा कागद, त्यावर हवं ते. कोणी मावशींचं चित्र काढलं, कोणी बैलाचं, एकाने फक्त आपलं नाव अकरा वेळा लिहिलं. कागद शिवून वही केली. चुका दुरुस्त करायच्या नाहीत, हा नियम आम्ही मोठ्यांवर घातला आणि दोन आया तरी रबर घेऊन बसल्याच.

एक तास, त्याहून जास्त नाही

सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू, सात वाजून दहा मिनिटांनी बंद. कोणासाठीही थांबायचं नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, प्रास्ताविक हे सगळं आम्ही गाळलं. कोणी विचारलं नाही.

सुरुवात वाचनाने. पोरं दोन-दोनच्या जोड्यांनी छोटी गोष्ट वाचतात, प्रत्येक जोडी दीड-दोन मिनिटं. पाठ केलेली कविता नको, वाचलेलं हवं. घोकून म्हणणारं पोर समोर प्रेक्षकांकडे बघतं, वाचणाऱ्याचे डोळे ओळीवर असतात. गावालाही हा फरक दिसू दे. हुशार पोरंच निवडू नका, पण अडखळणाऱ्या पोराला एकटं उभंही करू नका. जोडीतला दुसरा हळूच शब्द पुरवतो. कोणती गोष्ट वाचायची ते पोराने निवडायचं आणि आदल्या आठवड्यात मावशींसमोर एकदा वाचून बघायची. कोणाला ऐनवेळी नको वाटलं तर नको. त्याला पाण्याचे ग्लास द्यायला सांगा.

मग दोन जुने विद्यार्थी, प्रत्येकी तीन मिनिटं. आमच्याकडे आखाजीला आलेली एक लेक बोलली. ती सुरतेत राहते, दुकानांच्या पाट्या गुजरातीत असतात म्हणून तिने ती लिपीही आपली आपण शिकून घेतली. 'अक्षराला घाबरायचं नाही हे इथं शिकले,' म्हणाली. मग मानपत्राचं वाचन. ते गावातल्या सगळ्यात स्वच्छ आवाजाच्या माणसाने करायचं, पदाने मोठ्या माणसाने नव्हे. मग शाळेचे गुरुजी दोन शब्द. मग मावशी, त्यांना हवं असेल तर. आमच्या मावशी माईकजवळ गेल्या, म्हणाल्या, 'पोरे वाचतस, मी निस्ती बठी ऱ्हास,' आणि बसल्या.

माईक लागतोच असं नाही. शंभर-सव्वाशे माणसं अंगणात बसली तर आवाज पोचतो, पोरांच्या आवाजासाठी मात्र लहानसा चार्जिंगचा स्पीकर ठेवा. लाईट जाणार हे धरूनच चला.

खायला केळी आणि गूळ-शेंगदाणे. जळगाव जिल्ह्यात केळ्याला तोटा नाही, ताट-वाटी लागत नाही, आणि मावशींच्या घरात कोणाला चूल पेटवावी लागत नाही. साली टाकायला दोन टोपल्या ठेवा.

शाल, ओटी आणि इतर अडचणी

मे महिन्यात लोकरी शाल कोणाला देऊ नये, हे खरं म्हणजे सांगायला लागू नये. गळ्यात उपरणं किंवा हातात सुती साडी पुष्कळ.

बाईचा सत्कार म्हटला की कुंकू लावून खण-नारळाने ओटी भरायची पद्धत आहे. मावशी विधवा असतील तर ऐनवेळी बायका एकमेकींकडे बघतात, कुजबुज होते आणि ज्यांचा मान करायचा त्यांचाच अपमान होतो. हे आधी ठरवा. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. मावशींना एकांतात विचारा: कुंकू-ओटी चालेल का? हो म्हणाल्या तर सगळ्यांची भरतात तशीच भरा, आणि ती गावातल्या ज्येष्ठ बाईच्या हातून. नको म्हणाल्या तर सगळ्यांसाठीच फक्त फुलं ठेवा, म्हणजे कोणी वेगळं पडत नाही.

काय द्यायचं

स्मृतिचिन्ह देऊ नका. आमच्या मावशींनी पहिल्या वेळचं पितळी रंगाचं चिन्ह खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलंय, आणि तो त्याचा उत्तम उपयोग आहे.

वर्गात दोन दिवस बसला असाल तर काय हवं ते तुम्हाला दिसलेलंच असतं. आम्हाला दिसलं की मावशी पुस्तक हात लांब करून धरतात. चष्मा सहा वर्षांपूर्वीचा होता. कार्यक्रमाच्या आधीच त्यांना डोळे तपासायला नेलं, नवा चष्मा केला. कार्यक्रमात काही दिलं नाही, गावाला सांगितलं नाही. इथे सांगतोय एवढंच. बाकी: ओट्यावर अंथरायला दोन चटया, चार्जिंगचा दिवा, भिंतीला रंगाने काढलेला काळा फळा, खडूची पेटी, कुलूप लागेल अशी पत्र्याची पेटी पुस्तकांसाठी.

पुस्तकं निवडताना जाड, चकचकीत पुस्तकांना भुलू नका. पहिली-दुसरीच्या पोराला पानावर एक-दोन ओळी आणि मोठं चित्र लागतं. नॅशनल बुक ट्रस्टची लहान मुलांची पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीत पुष्कळ गोष्टी फुकट आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या. त्या छापायला परवानगी आहे, काळ्या-पांढऱ्यात छापून शिवल्या तरी चालतं. थोड्या मोठ्या पोरांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक, १९७१ पासून निघतंय, जुने अंकही फुकट वाचायला मिळतात. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती घेण्यापेक्षा पाच वेगळी पुस्तकं घ्या, पण एखाद्या तरी पुस्तकाच्या जोडीच्या प्रती असू द्या, दोघांना शेजारी बसून वाचायला.

पैसे द्यायचे का? हा नाजूक प्रश्न. सगळ्यांसमोर पाकीट देऊ नका. काही जणांना त्यात मजुरी मिळाल्यासारखं वाटतं, काहींना खरोखर गरज असते आणि मागता येत नाही. समितीतल्या एका बाईने एकटीने जाऊन विचारायचं, आणि द्यायचे तर महिन्याला ठरावीक, खात्यावर, शांतपणे. एकदाच पाच हजार देण्यापेक्षा दरमहा पाचशे बरे.

फोटो

पोरांचे फोटो आई-बापाला विचारून. 'वाचता न येणारी मुलं' असं लिहून कोणाचा चेहरा ग्रुपवर टाकू नका. ते पोर दहा वर्षांनीही त्याच नावाने ओळखलं जाईल. पोरांच्या पाठीमागून काढलेला, ओळीवर बोट दिसेल असा फोटो सगळ्यात छान येतो.

दुसऱ्या दिवशी

कार्यक्रमाच्या आधीच हे ठरलेलं हवं, नंतर कोणी हाती लागत नाही. आम्ही तीन कामं घेतली.

पहिलं, ग्रामसभेत ठराव. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुमारास ग्रामसभा होतात; त्यातल्या पुढच्या सभेत विषय लेखी द्या. ठरावात कौतुक एका ओळीत आणि काम चार ओळींत: समाजमंदिराची एक खोली संध्याकाळी साडेपाच ते सात वर्गाला, तिथला दिवा-पंखा ग्रामपंचायतीच्या बिलात, किल्ली मावशींकडे. आमच्याकडे किल्लीवरून अर्धा तास वाद झाला. शेवटी दोन किल्ल्या केल्या.

दुसरं, पुस्तकांची वही. कोणी कोणतं नेलं, कधी आणलं. ती पाचवी-सहावीची पोरं सांभाळतात. फाटलं तर दंड नाही, चिकटपट्टी लावायची.

तिसरं, पाळी. मावशी आजारी पडल्या, लग्नाला गेल्या तर वर्ग बंद पडू नये म्हणून सात जणांची यादी भिंतीवर लावली. प्रत्येकाने आठवड्यातला एक दिवस मावशींसोबत बसून आधी शिकायचं. पहिले दोन महिने नुसतं बघायचं आणि पुस्तकं वाटायची, एकदम शिकवायला उठायचं नाही. येता येणार नसेल तर दुपारी दोनच्या आत यादीतल्या पुढच्या नावाला फोन करायचा, मावशींना नाही. सातातले दोघे महिन्याभरात गळाले. त्यांच्या जागी एक दुकानदार आणि आखाजीला बोललेल्या त्या लेकीची धाकटी बहीण आली. माझा वार गुरुवार. चष्मा घरी विसरू नये म्हणून मी तोही पुस्तकांच्या पेटीतच ठेवतो.